पूजेतलं हेल्मेट

माझी धाकटी बहीण गाडी पळवते. म्हणजे शर्यतीत पळवते, चषक आणते, आणि हल्ली हे सगळं लोकांना माइकवरून सांगतेसुद्धा. मी शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत बंद पडलेल्या सिस्टिम चालू करते. यात माइकवरून सांगण्यासारखं काही नाही. तिला पाहिलं की माझा जळफळाट होतो, आणि तो लपवायचा मला आता कंटाळा आला आहे.

मध्यंतरी आमच्याच कंपनीने तिला भाषणाला बोलावलं. समोर टेबलावर हेल्मेट ठेवून ती भीतीबद्दल बोलली. मागच्या रांगेत बसून मी तिच्या चुका शोधत होते, पण मेली एक सापडेल तर शपथ. माझ्या मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी! इतकी वर्षं त्याच्या हाताखाली राबते आहे, माझ्या कामाने त्याचा कंठ कधी दाटून आला नाही. भाषण संपल्यावर म्हणतो, "तुम्ही यांच्या बहीण? कधी बोलला नाहीत!"

मग आली आयुधपूजा. आमचं घर तंजावरी मराठी, पण हा सण आम्ही इथल्या तमिळ लोकांसारखाच करतो. पोटापाण्याची हत्यारं देवापुढे मांडायची, गंध-कुंकू लावायचं, आणि विजयादशमीच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. अम्माने पाटावर मधोमध हेल्मेट ठेवलं आणि त्याला शेवंतीची माळ घातली. माझा लॅपटॉप कडेला, विळी आणि कात्रीच्या शेजारी. पण चंदनाचा ठिपका त्यालाही मिळाला. तेवढ्यावर मी खूश होते.

दुपारी ऑफिसातून फोन आला. एका मोठ्या ग्राहकाची सिस्टिम बंद पडली होती, ताबडतोब बसायला हवं होतं. मी लॅपटॉप उचलायला गेले तर अम्मा आडवी आली.

"अय्यो, पूजेंतलं उचलूं नये, मा. उद्यां कर."

"अम्मा, अत्तां बंद पडलंय. उद्या करून काय उपयोग?"

"मग दुसरं कोणी करील. तुझं एकटीचंच अहे काय ऑफिस?"

सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी काम एका सहकाऱ्यावर सोपवलं आणि प्रसादाचं चण्यांचं सुंडल खात बसले.

तेवढ्यात बहीण नटूनथटून बाहेर आली. नुंगंबाक्कमच्या एका क्लबात अचानक भाषण ठरलं होतं आणि तिला हेल्मेट हवं होतं. गाडी चालवायला नाही, टेबलावर ठेवायला! आता बघू गंमत, असं म्हणून मी सरसावून बसले.

अम्माने माळ काढली, काचेवरचं कुंकू पदराने पुसलं आणि हेल्मेट दोन्ही हातांनी तिला दिलं.

बहीणच अडखळली. "अम्मा, अक्काला तर नको म्हटलंस."

"तिचं काम दुसरं कोणी पण करतं," अम्मा सहज म्हणाली. "तूं नाही गेलीस तर तिथे कोण बोलणार?"

बहीण माझ्याकडे बघत राहिली. तिला मनापासून वाईट वाटलं होतं, आणि तिचा तो चांगुलपणाही मला सोसवेना.

"जा, उशीर होईल," मी म्हणाले.

ती गेली आणि फोन वाजला. सहकाऱ्याने सिस्टिम चालू केली होती. काही अडलं नाही, म्हणाला, तुम्ही आरामात सण करा.