भंगारातली करवत आणि ओली चिंच

वादळात पडलेल्या चिंचेची जाड फांदी नवऱ्याच्या मांडीवर होती आणि तो ओरडायचा थांबला होता. ओरडत होता तोवर मला धीर होता. शेजारच्या माणसांनी फांदी उचलून पाहिली, हलली नाही. मशीनची करवत असलेला माणूस मनोरहून निघाला होता, पण रस्ताभर झाडं आडवी. शेजाऱ्याने स्वतःची नवी करवत लावली. ती दोन बोटं आत गेली आणि अडकली. मग मी घरात जाऊन माझी जुनी आणली.

चांगली नवी करवत मला परवडत नाही आणि स्वस्तातली टिकत नाही. म्हणून मी बोईसरच्या भंगारवाल्याकडे जुन्या शोधते. मूठ तुटकी असली तरी चालते, ती घरी करता येते. पातं वाकवून सोडायचं; पुन्हा सरळ झालं तर पोलाद चांगलं. ही करवत घेताना तो म्हणाला होता, "अम्मा, ये तो पूरा जंग खाया है."

"जंग मैं उतारती, तू भाव उतार."

हसला, आणि उतरवला.

आंबलेल्या ताडीत भिजवलेलं फडकं पात्याला गुंडाळून ठेवलं की गंज सुटतो. धार लावायला सातपाटीच्या, होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराने शिकवलं. तिकोनी कानस घ्यायची, एक आड एक दात घासायचा, मग करवत फिरवून उरलेले. शेवटी दात बाहेर वाकवायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. "सुक्या लाकडाला थोडे, ओल्याला जास्त," तो म्हणाला होता. "नायतर लाकूड करवत धरून बसेल." आमच्या, पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत कापायचं ते ओलंच, म्हणून हिचे दात मी चांगलेच वाकवले होते. नवरा म्हणायचा, "हिचे दात तुझ्यापेक्षा बाहेर आलेत."

चिंच ओली होती, पण करवत चालली. फट मिटू नये म्हणून शेजारीण तिच्यात पाचर ठोकत राहिली. अर्ध्यावर आल्यावर नवऱ्याने डोळे उघडले.

"किती वेळ लावतेस गं? पाय काप, पण मला काढ."

"गप पड. तुझ्या पायावर धार घालवणार नाय मी."

शेजारीण रडता रडता हसली. फांदी सुटली, माणसांनी तुकडा बाजूला केला, आणि त्याला दाराच्या फळीवर घालून रस्त्यापर्यंत नेलं. पुढे पालघरच्या दवाखान्यात.

नंतर मी सुताराकडे गेले. सातपाटीला मासे काय न्यायचे, म्हणून वाडीतल्या केळ्यांचा घड नेला. भंगारवाल्यालाही एक दिला. तो म्हणाला, मी काय केलं? मी म्हटलं, वितळवायला पाठवली नाहीस, ते केलंस.

मांडीचं हाड मोडलं होतं, पाय आखूड राहिला. नवरा जगला.