साक्षीदाराची सही

पोटाच्या ऑपरेशनांच्या विभागात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर तळमजल्यावरचा वॉर्डबॉय दचकायचा. वजन घेणं, तपासण्यांचे कागद लावणं आणि संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणं, ही त्यांची सव्वीस वर्षांची कामं.

सही करण्याआधी त्या पेशंटलाच विचारत, "उद्या तुमचं काय करणार आहेत, सांगा बघू." पोरांनाही विचारत. त्या स्वतः आठ वर्षांच्या असताना आईने "चल, बूट घ्यायला जाऊ" म्हणून बाहेर काढलं आणि थेट टॉन्सिलच्या ऑपरेशनला नेलं होतं. ऑपरेशन उत्तम झालं. आईच्या "चल"वर मात्र पुढे कितीतरी वर्षं त्यांचा विश्वास बसला नाही.

एका सोमवारी तेरा वर्षांची मुलगी दाखल झाली. घरी तिला चिमणी म्हणत. वजन एकशे अठरा किलो, तेव्हा त्या नावावरून शाळेत काय चालत असेल ते सांगायला नको. रक्तात साखर वाढलेली, झोपेत श्वास अडकायचा. दोन वर्षं आहार, व्यायाम, औषधं, सगळं करून झालं होतं. आता वजन उतरावं म्हणून तिच्या जठराचा बराचसा भाग कापून काढायचा होता. आईवडिलांच्या सह्या झाल्या होत्या.

"उद्या काय करणार आहेत गं?"

चिमणीने आईकडे पाहिलं. "पोट आत ढकलणार आहेत."

"सिस्टर, कशाला घाबरवता?" आई घाईघाईने म्हणाली. "आम्ही मुद्दामच फार सांगितलं नाही तिला."

सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं.

थोड्या वेळाने सर्जन तणतणत आले. "अहो, आईवडिलांची सही पुरते!"

"पुरते ना? मग माझी कशाला हवी?"

"ऑपरेशन लांबलं आणि तिची तब्येत बिघडली तर?"

"ऑपरेशन करू नका असं मी कुठं म्हणते? तिला विचारा म्हणते."

वडील पुढे झाले. ते म्हणाले, "पोरीचा श्वास अडकतो ना, तेव्हा आम्ही दोघं उशाशी बसून मोजत असतो. तुम्हाला बोलायला सोपं आहे."

सिस्टरांना ते लागलं. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी सर्जन चिमणीच्या खाटेशी बसले. आईवडिलांना बाहेर थांबवलं. कागदावर जठर काढलं, कुठे कापणार ते दाखवलं, नंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या लागतील तेही सांगितलं.

"नंतर परत जोडता येतं?" तिने विचारलं.

"नाही."

"गोळ्या किती दिवस?"

"जन्मभर."

"आणि नाहीच केलं तर?"

सर्जननी तेही खरं खरं सांगितलं. चिमणीने चित्राचा कागद घडी करून जवळ ठेवला. "मला आत्ता नको. विचार करायचाय."

वडील सिस्टरांकडे न बघता तिला घेऊन गेले. सिस्टरांवर लेखी ठपका आला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण पोरीला मधल्या काळात काही झालं तर, या विचाराने सात महिने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

सात महिन्यांनी चिमणी आली ती आईवडिलांच्या पुढे चालत. हातात वही, वहीत एकोणीस प्रश्न. सर्जननी एकेकाचं उत्तर दिलं.

"मला करायचंय," ती म्हणाली. "चिडवतात म्हणून नाही. श्वास अडकला की मला भीती वाटते."

संमतीपत्रावर तिच्या सहीला जागाच नव्हती. सिस्टरांनी पट्टीने एक रेघ मारली. तिथे तिने सही केली आणि मगच सिस्टरांनी आपली.

ऑपरेशन नीट झालं. साखर उतरली, झोप शांत झाली. पण चौथ्या महिन्यात चिमणी रागाने लाल होऊन विभागात शिरली आणि मुठीतला केसांचा पुंजका टेबलावर ठेवला.

"हे गळतात असं कुणीच सांगितलं नव्हतं!"

"बहुतेकांचे परत येतात," सर्जन म्हणाले.

"आधी सांगायला हवं होतं."

"हो, चुकलंच आमचं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी तिला बसवलं आणि आणखी काय काय राहून गेलं, ते तिलाच विचारून लिहून घेतलं. सात गोष्टी निघाल्या. आता ऑपरेशनला येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या सातही सांगितल्या जातात. आईवडिलांना त्या वेळी बाहेर थांबा म्हणायचं काम सर्जन स्वतः करतात.