आधी छत, मग खांब

सुलतानपूरला आमच्या नव्या घराचे नुसते खांब उभे आहेत. भिंती नाहीत, वर स्लॅब नाही. त्यावरून मी नवऱ्याशी रोज भांडते, म्हणून मला गप्प करायला ते अजिंठ्याला घेऊन गेले.

गाइडने सांगितलं, भिक्खूंसाठी ही लेणी वरून खाली कोरत आणली. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन.

हे एकदम खूश. "पाह्य! आपण खालून सुरू केलं, तिथंच चुकलं."

पुढे अर्धवट सोडलेलं एक लेणं लागलं. त्याच्यापुढे छाती फुगवून यांनी फोटो काढून घेतला.

"एवढे वर्सं झाले, त्यायले कोणाची बायको बोलते काय? हा फोटो मोठा करून नव्या घरात लावू."

"हाव, लावू," मी म्हटलं. "पण भिंत कुठी हाय?"