चंपाबाईची भिंत

चंपाबाईला कुणी बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिचारी कशाने? तिच्या नावावर जागा आहे, सरकारी शिक्क्यासकट. त्या जागेवर तिने भिंत तेवढी बांधायची नाही, एवढंच सरकारचं म्हणणं आहे. ज्यांना हे म्हणताना जीभ अडखळत नाही, बिचारे म्हणायचं तर त्यांना म्हणा.

सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. मी पांडेसऱ्याच्या एका डाइंगमध्ये कापड रंगवायच्या कामाला आणि तिचा नवरा सखाराम लूमवर. सखाराम अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला. छातीच्या दुखण्याने तो गेला, तेव्हापासून चंपाबाई दारात बसून साड्यांचे लोंबणारे धागे कापायची. मूल नव्हतं. कापता कापता गल्लीतल्या प्रत्येकाचा हिशेब तोंडाने चुकता करायची. मी तिला मावशी म्हणायचो आणि माझे सगळ्यात जास्त वाभाडे तीच काढायची.

तिचा जन्म मात्र खानदेशातला नव्हता. तिचा बाप आनंदा ऐन तरुणपणी खानदेशातून निघाला, सुरत जिल्ह्यात वरच्या अंगाला नदीवर बंधारा होत होता तिथे दगड वाहायला आला. बंधारा झाला, बाकीचे मजूर परतले, आनंदा राहिला. गावाने त्याला गावठाणात जागा दिली. त्याने मातीचं घर बांधलं, त्या घरात चंपाबाई जन्मली आणि लग्न होईपर्यंत तिथेच वाढली. कितीतरी वर्षांनी त्या गावापासून थोड्या अंतरावर अणुवीज केंद्र आलं. हा क्रम नीट ध्यानात ठेवा. आधी आनंदाचं घर, मग वीज केंद्र. मी हे परवानगी देणाऱ्या साहेबांनाही सांगितलं होतं. त्यांनी पंखा वाढवायला सांगितला.

शहाण्णव साली आमच्या चाळीच्या मालकाला खोल्यांच्या जागी लूम बसवायचे होते. त्याने सगळ्यांना जागा बघायला सांगितलं. मला भेस्तानला खोली मिळाली. चंपाबाई म्हणाली, मी बापाच्या घरात जाते. आनंदा आदल्या वर्षीच वारला होता आणि पावसात घराची मागची भिंत बसली होती. तेवढी एक भिंत उभी केली, दोन शेळ्या घेतल्या, की उरलेलं आयुष्य निघेल असा तिचा बेत होता. चांगला बेत होता. म्हातारपणी कुणाच्या दारात जायला नको, एवढंच तिला पाहिजे होतं.

वारसाईची नोंद करायला मी तिच्यासोबत गेलो. एकुलती एक मुलगी, भांडायला कुणी नाही, काम सरळ होतं. तलाठ्याने गुजरातीत विचारलं, "माजी, तमारुं गाम कयुं?"

चंपाबाईने ताठ मानेने सखारामच्या खेड्याचं नाव सांगितलं. तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव.

आमच्यात सगळे असंच सांगतात. सुरतेत जन्म गेला तरी गाव विचारलं की खानदेशातलं खेडं सांगायचं, जिथे भाऊबंद आहेत आणि जिथे लग्नाची पत्रिका पाठवावी लागते. बाईने तर नवऱ्याचंच गाव सांगायचं. बापाचं गाव आपलं म्हणून सांगितलं तर नवऱ्याने टाकली की काय, असं लोक तोंडावर विचारतात. सखारामच्या त्या खेड्यात चंपाबाई लग्नाकार्यापुरती जायची, पाहुण्यासारखी जेवून यायची. तरी विधवा बाईने नवऱ्याचं गाव सोडलं नाही, यात तिला अभिमान होता. तलाठ्याने ते गाव लिहून घेतलं. जागा तिच्या नावावर झाली.

मग भिंतीची परवानगी मागायला सरकारी कचेरीत गेलो. तिथे कळलं की वीज केंद्राभोवती पाच किलोमीटरच्या पट्ट्यात वस्ती वाढू द्यायची नाही. उद्या काही झालं तर माणसं पटकन हलवता यावीत म्हणून. गावातल्यांची कुटुंबं वाढली तर त्यांनी घर बांधावं, बाहेरून येऊन कुणी बांधू नये. नियम ऐकला तेव्हा मला तो बरोबरच वाटला. नियमाशी माझं भांडण नाही. भांडण आहे त्या खुर्चीतल्या माणसाशी, ज्याने वारसाईची नोंद बघितली, सुरतेचं रेशन कार्ड बघितलं आणि चंपाबाईला बाहेरची ठरवलं.

"हाई घर मना बापनं शे," ती म्हणाली. "मी आठेच जलमनू."

घर तिच्या बापाचं आहे, ती इथेच जन्मली, हे मी हिंदीत समजावून सांगितलं. साहेब हसला. "घर आपका ही है माजी, कौन मना करता है? बस, बनाना नहीं है।"

मी टेबलावर हात आपटला. शिपायाने मला बाहेर काढलं. गाव बदलून लिहा म्हणून तलाठ्याकडे गेलो, तर तो म्हणे माजींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आणि गावात राहत असल्याचा पुरावा कुठाय? गावात राहायचं तर भिंत पाहिजे, आणि भिंत पाहिजे तर गावात राहत असायला पाहिजे. याला डोकं चालवणं म्हणतात, आणि याचा यांना पगार मिळतो.

चंपाबाई तरी राहायला गेली. तीन भिंती होत्या, चौथ्या बाजूला ताडपत्री. थंडी त्या बाजूने आत यायची आणि कुत्रीही. भिंतीची मनाई होती, ताडपत्रीची नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात मी तिला ज्वारीचं पीठ द्यायला गेलो, त्याच दिवशी गावात सराव होता. केंद्रात अपघात झाला असं समजायचं आणि सगळं गाव बसमध्ये भरून दूर न्यायचं. जीप भोंगा वाजवत फिरत होती. म्हातारेकोतारे, लेकरं, सगळी निमूटपणे बसमध्ये चढत होती. वायरलेस हातात घेतलेला एक तरुण अधिकारी चंपाबाईच्या दारात आला.

"माजी, चलो. गाँव खाली करना है।"

ती चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने वर बघितलं नाही. "मैं तो बाहर की है, साब. गाँव के लोग ले जाव."

त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. त्याने घरांची यादी काढली. आनंदाच्या घरापुढे बंद घर असं लिहिलेलं होतं. त्याने यादीकडे बघितलं, मग चुलीकडे. मी म्हणालो, "साहेब, घर चालू आहे, बाई समोर बसलीय, धूर दिसतोय ना? खरोखर काही झालं असतं तर?"

"आज झालेलं नाही ना," तो हिंदीत म्हणाला. त्याला घाई होती. बस सुरू झाल्या होत्या आणि वर वेळ कळवायची होती. यादीत नसलेलं माणूस बसमध्ये घातलं तर आकडा जुळणार नव्हता आणि मागे ठेवलं तर जुळत होता. मी त्याला आडवा उभा राहिलो. त्याने मला हाताने बाजूला सारलं, अंगणात जाऊन वायरलेस तोंडाशी धरला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "गाँव पूरा खाली।"

जीप गेली. एवढ्या मोठ्या गावात चुलीचा आवाज तेवढा येत होता. त्याच्या मागे धावून दगड घालावा असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

चंपाबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"बैठ, भाकर खा," ती म्हणाली. "तू बी आठे नही शे."