काकांचा शब्द

चष्मा काढून टेबलावर ठेवला की काका म्हणत, "बघतो शब्द टाकून." 'करतो' असं कधी म्हणाले नाहीत.

ते माझ्या मावशीचे दीर, तुआसच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. परदेशातला असा एक माणूस प्रत्येक गोतावळ्यात असतो, तुमच्याही असेल. पुण्यात नात्यातलं कुणीही पोरगं इंजिनिअर झालं, की त्याचा बायोडेटा काकांच्या फोनवर येऊन पडायचा. पोरगं आलं, की मुक्कामही टॅम्पिनीसच्या त्यांच्याच फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या गादीवर. त्या गादीवर मीही दोन महिने काढलेत. काकू रोज विचारायच्या, "आला का रे कुठून फोन?" आणि माझा पोह्यांचा घास तोंडातच फिरायचा.

लोकांना वाटे, काकांचं फार वजन आहे. वजन कसलं! अर्धी रजा टाकून ते कुणाच्या तरी ऑफिसात रिसेप्शनवर तास-तास बसून राहत, एवढंच. माझ्यासाठी तांजोंग पगार भागातल्या एका ऑफिसात तीनदा बसले. त्यांच्या एका भाच्याने मिळालेली नोकरी तिसऱ्याच महिन्यात सोडली, तर साहेबाची माफी मागायलाही हेच गेले. मी चिडलो, तर म्हणाले, "शब्द आपण टाकला ना? मग निस्तरायचंही आपणच."

गेल्या वर्षी कारखान्यातला त्यांचा विभाग बंद झाला. आम्ही पोरं केव्हाच पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन बसलो होतो. काका मात्र "आज ना उद्या परतच जायचंय" म्हणत नोकरीपुरत्या पासवरच राहिले. आता महिन्याभरात दुसरी नोकरी, नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्यांच्या धाकट्या मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष चालू होतं. ती माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "बाबा, यू हेल्प एव्हरीवन. जस्ट आस्क दादा लाह!"

मग आम्ही दोघांनी खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, चहा घेतला. काका बराच वेळ कप नुसता फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडे मेंटेनन्सची जागा आहे म्हणे. साहेबाच्या कानावर घालशील?"

मी नुकताच मॅनेजर झालो होतो. पंचावन्न वर्षांच्या नातेवाइकासाठी बोललो तर साहेब काय म्हणेल, हेच आधी डोक्यात आलं. मी म्हणालो, "बघतो शब्द टाकून."

काका हसले आणि चहा प्यायले. पुन्हा विषय काढला नाही.

साहेबाची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. महिनाभर मी तेवढं चाललो नाही. सांगायलाही लाज वाटते. विमानतळावर वाकून नमस्कार केला, तर माझ्याच पाठीवर थोपटत म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. वय झालं की घेत नाही कुणी." मला खरं सांगवलं नाही.

आता बायोडेटे माझ्या फोनवर येतात. कंटाळा येतो. बरेचसे मी उघडतही नाही. मागच्या महिन्यात मात्र नाशिकला परतलेल्या काकांकडूनच एक आला, शेजाऱ्यांच्या मुलाचा. खाली एवढंच, "मुलगा चांगला आहे. बघ."

मी लगेच उठलो, केबिनमध्ये गेलो, बोललो. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मुलाला घेतलं. काकांना तसं कळवलं.

संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं, "छान झालं. या वेळी गेलास."