माऊन म्हणजे काय?

कांडीवाल्या खालांना हळू बोलता येत नसे. तीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून त्यांचे कान निम्मे गेले होते आणि आपला आवाज किती चढतो याचा त्यांना पत्ताच नसे. भिवंडीत आमच्या घराच्या माडीवर मी दुपारी बायकांना कुरआन वाचायला शिकवते. साठीच्या आसपास खाला तिथे आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "आपा, नमाजीत रोज बोलते ते मला आता समजून घ्यायचं हाय!" रस्त्यावरचे लोक वर बघायला लागले.

अरबी उच्चार त्यांना जमत नसत. घशातून काढायचा 'ऐन' त्यांच्या तोंडून साधा 'आ' होऊनच निघे. "माझा घसा लूमसारका हाय आपा, येकच आवाज काढतो," असं म्हणून त्या स्वतःच आधी हसत. मग बायका हसत, मीही हसे. माझे उच्चार अब्बांनी लहानपणीच घासूनपुसून घेतले होते. त्याचा मला फार तोरा होता.

खालांची एक खोड होती. शब्दावर ठेवलेलं बोट अर्थ कळल्याशिवाय पुढे सरकत नसे. "बोट उचललं का धागा तुटतो," म्हणायच्या. गावच्या मराठी शाळेत त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ असं लिहून ठेवत. "आधी वाचायला शिका, अर्थ नंतर," असं मी त्यांना टाळत असे. खरं कारण वेगळं होतं. मला अरबी वाचता येत होतं, समजत नव्हतं. उर्दूतून ओळखीचे झालेले शब्द तेवढे कळायचे. बाकीचं मी जन्मभर नुसतं सुंदर उच्चारांत म्हणत आले होते.

एके दुपारी कुरआनातल्या एका छोट्या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, शेवटच्या शब्दावर ते बोट थांबलं.

"माऊन म्हंजे काय?"

आठ बायका माझ्याकडे बघत होत्या. "जुन्या काळातल्या एका टोळीचं नाव आहे," मी बेधडक सांगून टाकलं.

खालांनी वहीत लिहून घेतलं. "मंग ते आपल्याला लागू न्हाय," म्हणाल्या आणि बोट उचललं.

त्यांच्या चाळीत शेजारी सुगंधा राहायची. पूर्णा गावच्या गोदामात माल भरायला जायची. मोरीच्या पाण्यावरून दोघींचं बिनसलं होतं आणि तेव्हापासून खालांनी तिला काही देणं बंद केलं होतं. माझ्या त्या उत्तरानंतर काही आठवड्यांनी त्यांनीच वर्गात सांगितलं, "सकाळी शिडी मागायला आली होती, छपराचा पत्रा सरकला म्हणून. दिली न्हाय." मी ऐकलं आणि पान उलटलं. त्याच संध्याकाळी सुगंधा उपड्या पिंपावर चढली. पिंप घसरलं, तिच्या मांडीचं हाड मोडलं. गोदामातलं काम गेलं. खोली सोडून ती गणेशपुरीला आईकडे निघून गेली.

सहाएक महिन्यांनी खाला वर्ग भरायच्या आधीच आल्या. सुनेनं त्यांना कुरआनचं मराठी भाषांतर आणून दिलं होतं. त्यातलं त्याच सूरेचं पान त्यांनी माझ्यापुढे उघडून ठेवलं. नमाज पढूनही रोजच्या वापरातली साधीसुधी वस्तू दुसऱ्याला न देणाऱ्या माणसांबद्दल तिथे लिहिलं होतं.

"तांब्या, मीठ, शिडी," खाला म्हणाल्या. "रोज बोलते मी हे, आपा. तुमाला म्हाईत न्हवतं?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "खाला, एका शब्दाचे बरेच अर्थ असतात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आसंल," म्हणाल्या आणि पुस्तक पिशवीत घातलं. पुढे दोन वर्षं त्या येत राहिल्या. वाचायच्या, उच्चार सुधारून घ्यायच्या. अर्थ मात्र मला पुन्हा कधीच विचारला नाही.

गेल्या हिवाळ्यात खाला वारल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या त्यांच्या घरी बसलो होतो, तेव्हा सुगंधा लंगडत आली. खाला तिला भेटायला गणेशपुरीला गेल्या होत्या, हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं.

"शिडी टेम्पोत टाकून घेऊन आल्या होत्या," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "माझे हात धरले न् बोलल्या, मी अडाणी बाई, आमच्या पुस्तकात लिवलंय ते मला उलटं समजलं. मी इचारलं, कुनी चुकीचं सांगितलं का? तर बोलल्या, न्हाय, माझीच चूक."

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुमीच शिकवायच्या ना त्यांना, ताई? लई चांगलं शिकवलंत."

मी 'हो' म्हणून मान हलवली.

वर्गातल्या बायकांना मी महिन्याभरानं सगळं सांगितलं. आता अर्थ येत नसेल तर येत नाही म्हणते, आणि भाषांतर उघडून त्यांच्याबरोबर शोधते. सुगंधाला मात्र अजून सांगितलेलं नाही. गणेशपुरीची एसटी दुपारी आमच्या दारावरून जाते. त्या वेळी वर्ग असतो, असं मी स्वतःला समजावते. शुक्रवारी वर्गाला सुट्टी असते. एसटी शुक्रवारीही जाते.