‘कळलं नाही’ म्हणायला शिकवणारे सर

‘कळलं नाही’ असं कोणी तोंडावर म्हटलं की ज्याचा चेहरा फुलतो, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. बाकी आम्ही सगळी मास्तर मंडळी ‘कळलं, सर’ या दोन शब्दांवर जगतो. वर्गातून तेवढं ऐकू आलं की खडू ठेवायचा, हात झटकायचे आणि स्टाफरूममध्ये येऊन चहा सांगायचा. सरांना मात्र त्या शब्दाचा राग होता. एखादा पोरगा ‘कळलं’ म्हणाला की फौजदारानं संशयिताकडे पाहावं तसे ते त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “काय कळलं? सांग की.”

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते. सर माझ्यापेक्षा बरेच वडील, पण स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या, त्यामुळे त्यांचे सगळे प्रताप मी जवळून पाहिले आणि काही सोसलेही. अंगानं उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि त्याच्या खिशाला कायमचा खडूचा डाग. घर सोलापुरातल्या भवानी पेठेत. घरात कन्नड, दारात मराठी, रागावले की दोन्ही एकदम. त्यांची एक जुनी स्कूटर होती. गती, बल, घर्षण असं सगळं कोळून प्यायलेल्या या माणसाला ती सुरू करायला रोज संध्याकाळी चार विद्यार्थी धक्का मारायला लागायचे. त्या धक्क्यातही ते शिकवायचे. “आता जोर कमी लागतोय का जास्त? का?” असं ओरडत ओरडत ते फाटकाबाहेर जायचे आणि उत्तर सांगायला पोरं स्कूटरमागे पळायची.

ते मुळात असे नव्हते. आधी सर विद्वान म्हणून प्रसिद्ध होते. वर्गात शिरले की पाठ फिरवायची आणि फळ्याचा एक कोपरा धरून निघायचं ते तास संपेपर्यंत दुसऱ्या कोपऱ्याला पोचायचं. सर फळ्याशी बोलायचे, फळा ऐकायचा. शेवटी मान वळवून विचारायचे, “समजलं का?” वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणायचा. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग एका डिसेंबरात शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी या ‘हो’नंतर उभी राहिली आणि अगदी सरळ मनानं म्हणाली, “सर, तुम्हाला समजलंय ते दिसतंय की. आमचं काय ते अजून ठरलं नाही.”

सरांनी खडू ठेवला आणि ते वर्गाबाहेर पडले. स्टाफरूममध्ये येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मला वाटलं, घरी काही वाईट घडलं. मी पाणी दिलं. ते म्हणाले, “मॅडम, इतकी वर्षं मी कुणाला शिकवतोय हो?” दुसऱ्या दिवशी ते वर्गात गेले आणि त्या मुलीला विचारलं, “कुठपासून कळलं नाही?” ती म्हणाली, “जूनपासून.” दुसऱ्या एखाद्यानं तिला बाहेर काढलं असतं. सरांनी फळा पुसला आणि डिसेंबरात जूनचा पहिला धडा सुरू केला. त्या वर्षी अभ्यासक्रम पुरा झाला नाही. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “माझा दरवर्षी व्हायचा. पोरांचा यंदा पहिल्यांदाच निम्मा झालाय.”

त्यानंतर सरांना कसलं तरी वेडच लागलं. दुसऱ्यांच्या तासाला जाऊन ते मागच्या बाकावर बसायला लागले. पोरांना तिथून काय दिसतं, काय ऐकू येतं, झोप कधी येते, हे त्यांना स्वतः अनुभवायचं होतं. मी एकदा कविता शिकवत होते. मागून हात वर आला. बघते तर सर. “मॅडम, या कवितेतला माणूस रडतोय की हसतोय, ते काही मला कळलं नाही.” वर्ग हसला. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तास संपल्यावर त्यांनी मला गाठलं. “तुमचा आवाज लई छान आहे. इतका छान, की पाचव्या बाकाच्या पलीकडं अंगाईच वाटते. जरा मध्ये मध्ये पोरांना बोलतं करा की.” मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कविता वाचण्याआधी एका मुलाला उभं केलं आणि ती त्याला वाचायला दिली. त्याचं श्रेय मी सरांना दिलं नाही, ते मागायलाही आले नाहीत.

त्यांच्या पहिल्या तासाची तर कॉलेजात दंतकथा झाली होती. नवी मुलं आली की पुस्तक उघडायच्या आधी सर सगळ्यांकडून ‘कळलं नाही’ म्हणवून घ्यायचे, तेही ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत. अक्कलकोटकडची पोरं ‘तिळीलिल्ला’ म्हणायची, पूर्व भागातली ‘अर्थं कालेदु’, कुणी ‘समज में नै आया’, आणि खेड्यातली पोरं लाजत लाजत ‘न्हाय कळलं’. सर म्हणायचे, “मोठ्यांदा! लाज कसली? परीक्षेत गप्प बसण्यापेक्षा हितं ओरडलेलं बरं.” मग साठ-सत्तर पोरं चार भाषांत एका सुरात अज्ञान जाहीर करायची. पहिल्यांदा हे झालं तेव्हा प्राचार्य संप झाला समजून धावत आले होते. पुढं पुढं शिपाईसुद्धा दचकेनासा झाला.

प्रश्न विचारला की ते थांबायचे. आपण विचारतो आणि लगेच आपणच उत्तर देतो. सर थांबले की थांबलेच. त्या शांततेत पंख्याची कुरकुर ऐकू यायची, पोरं एकमेकांकडे बघायची, कुणीतरी खोकायचं. एकदा वर्ग रिकामा आहे समजून शिपायानं बाहेरून कडी घातली. शेवटी कुणाला तरी ती शांतता सोसवायची नाही आणि तो काहीबाही बोलायचा. ते काहीबाही धरून सर पुढं निघायचे. जडत्व शिकवताना तर त्यांनी घरची सोलापुरी चादर आणली, टेबलावर अंथरली, त्यावर स्टाफरूममधले चहाचे कप मांडले आणि एका झटक्यात चादर ओढली. कप जागेवर राहायला हवे होते. ते सगळे चादरीबरोबर खाली आले. सर फुटक्या कपांकडे बघून म्हणाले, “ठीक आहे. आता सांगा, असं का झालं?” जडत्वाचा तास होता, पण त्या दिवशी पोरं घर्षण शिकली आणि आयुष्यात विसरली नाहीत. आम्ही आठवडाभर स्टीलच्या पेल्यांतून चहा प्यायलो, त्यामुळे आम्हीही विसरलो नाही.

मग बाहेरून पाहणीसाठी एक समिती आली. प्राचार्यांनी भिंती रंगवून घेतल्या, कुंड्या मांडल्या आणि सरांना निक्षून सांगितलं, “त्या दिवशी नेहमीसारखं शिकवा. म्हणजे तुमच्या नेहमीसारखं नव्हे.” समिती वर्गात शिरली तेव्हा फळ्याशी एक मुलगा गणित सोडवत होता आणि सर बाकावर पोरांत बसले होते. मुलाचं एक चिन्ह चुकलं. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांना राहवलं नाही. ते म्हणाले, “अरे, तिथं उणे हवं.” सर उठून हात जोडून म्हणाले, “साहेब, कृपा करून सांगू नका. आता पोरं पकडतील बघा.” पोरांनी पकडलं नाही. घंटा झाली, चूक फळ्यावर तशीच राहिली आणि समिती बाहेर पडली. प्राचार्यांचा घाम मला लांबूनही दिसत होता. खरं सांगायचं तर ती चूक नंतर मधल्या सुट्टीत एका मुलीनं पकडली आणि सगळा वर्ग ओरडला, पण तेव्हा समिती जेवायला बसली होती.

याची शिक्षा म्हणून सरांचे नेहमीचे तास काढून घेण्यात आले आणि त्यांना एटीकेटीची बॅच दिली गेली. म्हणजे भौतिकशास्त्रात नापास होऊन पुढच्या वर्षात अडकलेली पोरं. वेळ दुपारची, खोली पत्र्याची, आणि सोलापूरचं ऊन. कुणीही हा अपमान समजला असता. सर मात्र बढती मिळाल्यासारखे स्टाफरूममध्ये आले. “मॅडम, ही पोरं आधीच ठरवून आलीत की आपल्याला कळत नाही. माझं निम्मं काम झालेलं आहे.”

त्या बॅचमध्ये होटगीचा सिद्धाराम होता. वडील नव्हते. तो रात्री पेट्रोलपंपावर कामाला असायचा आणि दुपारी तासाला यायचा, आला की मान टाकून झोपायचा. एकदा मी कशाला तरी त्या खोलीत डोकावले. सर शिकवत होते आणि सिद्धाराम गाढ झोपला होता. मी खुणेनं विचारलं. सर दबक्या आवाजात म्हणाले, “झोपू द्या. झोप झाल्याशिवाय न्यूटन आत जात नाही.” तास संपल्यावर ते त्याला उठवून स्टाफरूममध्ये आणायचे, डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवायचे आणि तो खात असताना झालेला तास पुन्हा शिकवायचे. कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. मी शेजारी पेपर तपासत बसलेली असायचे. पोरगा हळूहळू प्रश्न विचारायला लागला होता.

निकाल लागला. बॅचमधली बरीच पोरं सुटली. सिद्धाराम पुन्हा नापास झाला. दोन दिवसांनी तो स्टाफरूमच्या दारात आला. रानातल्या शेंगांची पिशवी त्यानं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “सर, मी आता येत न्हाय. कुर्डुवाडीला मामा हायेत, तितं कामाचं बघतो म्हणालेत.”

सरांनी त्याला बसायला सांगितलं. मग विचारलं, “माझं कुठं चुकलं?”

“तुमचं कुटं काय चुकलं सर! मला कळलंय की. म्हंजे, खरंच कळलंय. गाडीनं ब्रेक मारला की मानसं पुढं का जात्यात, ते आमच्या आईला पण सांगितलं मी कन्नडमधी. तिलाबी कळलं. पर पेपर इंग्रजीत असतोय. हात उचलतच न्हाय, सर. काय लिवायचं तेच सुचत न्हाय.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतके दिवस त्यांनी त्याला समजावलं होतं, ऐकून घेतलं होतं, पण एकदाही लिहायला बसवलं नव्हतं. ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. मग ते एकदम माझ्याकडे वळले. “मॅडम, उत्तर लिहायला तुम्ही शिकवता ना? म्हणजे आधी काय, मग काय, शेवट कसा करायचा?”

“निबंध शिकवते,” मी म्हणाले.

“तेच ते. मराठीत लिहून घ्या. तिथून इंग्रजीत मी नेतो.”

अशा रीतीनं, शाळेत भौतिकशास्त्राला घाबरून मराठीकडे आलेली मी पत्र्याच्या खोलीत न्यूटनचा दुसरा नियम चार वाक्यांत कसा मांडावा हे शिकवायला उभी राहिले. पोरं नियम सांगायची, मी वाक्यं नीट करायचे आणि सर ती साध्या, छोट्या इंग्रजीत फळ्यावर उतरवायचे. जिथं मला नियमच कळायचा नाही तिथं मी प्रामाणिकपणे ‘न्हाय कळलं’ म्हणायचे आणि सर खूष व्हायचे. सिद्धारामला त्यांनी आणखी एकदा परीक्षेला बसायला राजी केलं. “कुर्डुवाडीहून गाड्या येतात की. रविवारी घरी ये.” तो यायचा. कधी गाडी उशिरा आली तर सर घरच्या ओट्यावर वाट बघत बसायचे. मधले काही रविवार तो आलाही नाही. तेव्हा ते फोन करायचे नाहीत, नुसते अस्वस्थ असायचे. पुढच्या परीक्षेत तो काठावर पास झाला. फोनवर ही बातमी ऐकून सरांनी पहिला प्रश्न विचारला, “कुठला प्रश्न सोडलास?” मग अभिनंदन करायचं राहिलं हे लक्षात येऊन त्यांनी पुन्हा फोन लावला. त्या बॅचमधली दोघं मात्र परत आलीच नाहीत. सर त्यांची नावं बोलण्याच्या ओघात मध्येच काढायचे, आणि आम्ही विषय बदलायचो.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि मुलीकडे पुण्याला राहायला गेले. सरांच्या पत्नीच्या गुडघ्यांचा इलाज तिथं होणार होता. पुण्यात त्यांना करमत नाही, असं मुलगी सांगते. सोसायटीतल्या पोरांना ते जिन्यात गाठतात आणि पोरं लिफ्टनं पळतात. अजून अधूनमधून त्यांचा फोन येतो. प्रकृती, ऊन, पाणी असं काही आम्ही बोलत नाही.

परवा असाच आला. मी वर्गाच्या दारात उभी होते. “यंदाची पोरं कशी आहेत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरी आहेत. “बोलतात का?” मी म्हटलं, आताशी कुठं बोलायला लागली आहेत. आत गलका चालला होता, तो त्यांनाही ऐकू गेला असावा. ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. फोन कट झाला की काय असं मला वाटलं, म्हणून मी ‘सर?’ असं विचारलं.

“हां, आहे मी,” ते म्हणाले. “बोलू द्या त्यांना. मी ठेवतो.”